एरियल, अर्थ आणि एक फट

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे दोन भोकं असायची. एक एरियलचं, दुसरं अर्थचं. एरियल म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, आणि अर्थ म्हणजे नळाला नाहीतर जमिनीत पुरलेल्या पाइपला बांधलेली तार. २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं, तेव्हा रेडिओ ऐकायचा तो असाच.

मग ही जाळी गेली कुठे? उत्तर टोकियोत आहे. १९३० मध्ये काटो आणि ताकेई या दोघांनी फेराइट शोधलं. लोखंडाच्या ऑक्साइडचं, काळं, चिनीमातीसारखं ठिसूळ. चुंबकत्व भरपूर, पण वीज जवळजवळ वाहू न देणारं. ते विकायला १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. पुढे फिलिप्सच्या स्नुकने ते रेडिओच्या कामाचं केलं. १९५० च्या दशकात वीतभर कांडीवर गुंडाळलेली तार रेडिओच्या पोटात जाऊन बसली आणि जाळी, अर्थ दोन्हींची सुट्टी झाली!

पण तेव्हा पवनेकाठच्या काळेवाडीत शेतं होती. आज भिंतीला भिंत लागून फ्लॅट आहेत आणि प्रत्येकात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर काटा नेला की आधी ऐकू येते ती घरघर.

यावर उपाय आहे, आणि तो फेराइटहून जुना आहे. पहिल्या महायुद्धापासून जहाजं दिशा शोधायला तारेचं वेटोळं वापरत. वेटोळं फिरवायचं, आवाज बुडाला की दिशा कळली. पण ते वेटोळं साध्या तारेसारखं विद्युत क्षेत्रही पकडायचं, त्यामुळे आवाज पुरता बुडायचाच नाही. मग ते धातूच्या नळीत घातलं गेलं. मात्र नळीला एका जागी मुद्दाम फट ठेवलेली!

का ते बघू. ७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३७९ मीटर. तिच्या सहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे ६० मीटरच्या आत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं प्रमाण ठरलेलं नसतं. ६० मीटर म्हणजे आपली सोसायटीच की! घरातल्या वायरिंगचा त्रास बराचसा विद्युत क्षेत्रातून येतो. दूरच्या केंद्राकडून मात्र दोन्ही बरोबर येतात. म्हणून विद्युत क्षेत्र अडवलं तरी कार्यक्रम चुंबकीय बाजूने आत येतोच.

घरी करायचं तर कॉइलपासून थोडं अंतर ठेवून पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल आणि फॉइलला लांबीभर एक फट. फॉइलची टोकं एकमेकांना चिकटली तर तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो. त्यात प्रवाह फिरतो आणि केंद्रच गप्प होतं. फॉइल एकाच ठिकाणी रेडिओच्या ग्राउंडला जोडायचं. भिंतीतल्या प्लगच्या अर्थला नको. चार्जरमधले फिल्टर आपला कचरा त्याच तारेत सोडतात, म्हणजे घरघर आपण तार टाकून घरी बोलावल्यासारखं होईल. रेडिओ सेलवर चालवलेला उत्तम.

राहिला घरघरीचा चुंबकीय भाग. तो फॉइलला दाद देत नाही. पण आता कांडी जहाजावरच्या वेटोळ्यासारखी टोकाच्या दिशेला खरोखर बहिरी होते. ते टोक घरघरीकडे वळवायचं, बस्स.

दहा घरांकडून दहा दिशांनी घरघर आली तर मात्र कांडी तरी कुठे कुठे वळवणार? चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती जागा निवडण्याचं एक कारण तिथली रेडिओ-शांतता. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग पुन्हा आखायची वेळ आली तीही हिच्यामुळेच. फॉइल आपापलं गुंडाळता येतं, शांतता मात्र सगळ्यांनी मिळूनच राखावी लागते.