अशोकाचे अहिंसाधोरण

मौर्य सम्राट अशोक (कार. इ. स. पू. सु. २६८–२३२) याने शिलालेखांतून व स्तंभलेखांतून जाहीर केलेले, प्राणिमात्राला इजा न करण्याविषयीचे राजधोरण. अहिंसेचा उपदेश जैन व बौद्ध परंपरांत त्यापूर्वीच रूढ होता. अशोकाने तो राज्यकारभाराला लागू केला, हे त्याच्या लेखांचे वैशिष्ट्य होय.

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी अशोकाने कलिंग देश (विद्यमान ओडिशाचा किनारी भाग) जिंकला. तेराव्या शिलालेखानुसार त्या युद्धात दीड लाख लोकांना पकडून नेण्यात आले, एक लाख मारले गेले व त्याच्या कितीतरी पट लोक प्राणांस मुकले. जे स्वतः वाचले, त्यांनाही आप्तमित्रांच्या विपत्तीने आघात पोहोचतो, असे त्यात नमूद आहे. या हानीचा शतांश वा सहस्रांशही आता आपणास क्लेशदायक वाटेल, अशी कबुली जेत्यानेच कोरून ठेवली.

पुढील उपाय क्रमाक्रमाने योजिलेले दिसतात. राजाच्या पाकशाळेत पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. ती संख्या दोन मोर व एक हरिण यांवर आली आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे पहिला लेख सांगतो. माणसे व पशू या दोहोंसाठी चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड आणि वाटांवर विहिरी व वृक्ष यांचा निर्देश दुसऱ्या लेखात येतो. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी असून गाभण वा दूध पाजणाऱ्या शेळ्यामेंढ्या मारण्यास व विनाकारण वने जाळण्यास मनाई केलेली आहे.

महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या लेखाचा अंश १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्याचा अंश १९५६ मध्ये मिळाला. आठव्या लेखात मृगयेच्या यात्रा सोडून धर्मयात्रा स्वीकारल्याचे, तर नवव्यात दास व सेवक यांच्याशी नीट वागणे आणि प्राणिमात्राविषयी संयम हेच खरे मंगल असल्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे दयेची कसोटी घरातील दुर्बलाशी होणाऱ्या वर्तनात मानलेली आहे.

या धोरणाला मर्यादाही होत्या. कलिंग परत दिल्याचा उल्लेख लेखांत नाही. देहदंड रद्द झाला नाही. दंडितांना केवळ तीन दिवसांची मुदत मिळाली. अटवीवासी जमातींना राजाच्या सामर्थ्याची जाणीव देण्यात आली. कलिंगातील धौली व जौगढ येथे तेरावा लेख कोरलेला नाही. तेथील दोन स्वतंत्र लेखांत सर्व प्रजा आपली अपत्ये आहेत असे सांगून, कोणासही अकारण कैद वा छळ होऊ नये, असे अधिकाऱ्यांना बजावले आहे. त्यामुळे अशोकाची अहिंसा हा शस्त्रसंन्यास नव्हे, तर सत्ताधाऱ्याने आपल्या सत्तेला घातलेला आवर होय. सातव्या स्तंभलेखात नियम आणि मनाचे वळण असे धर्मवृद्धीचे दोन मार्ग सांगून, प्राण्यांची हिंसा थांबविण्यात नियमांपेक्षा मनाच्या वळणाचाच अधिक उपयोग झाला, असा निष्कर्ष अशोकाने स्वतः नोंदविला आहे.