मनसुबा: शब्द आपला, नियम त्यांचे

आपण 'मनसुबा' म्हणतो तो बेत. मूळ अरबी शब्द 'मन्सूबा' मात्र पटावरच्या कोड्यालाही वापरत: मांडलेल्या डावातून हमखास मात शोधा. ९व्या शतकात अल-अदलीने शतरंजवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ही कोडी जमवली गेली. पण आजच्या नियमांनी सोडवायला बसलात तर फसाल. तेव्हाचा वजीर तिरका एकच घर चाले. 'फील' म्हणजे हत्ती. पण तो आपल्या उंटाच्या जागी, तिरकी दोन घरं उडी मारणारा! आपला हत्ती तो 'रुख'. प्रसिद्ध 'दिलाराम' कोड्यात दोन्ही रुख बळी देऊन प्यादं-घोड्याने मात होते. आपल्याच राजावर मात येऊ घातलेली, म्हणून प्रत्येक चालीला शह हवाच. तेव्हा साधन वाचताना आधी त्या काळचे नियम बघा, मगच अर्थ लावा.