थांबवायचं कोणाला?

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहराला मद्रास टाइम लावायचा घाट घातला. पुण्यातल्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच हे फर्ग्युसन. मद्रासचं घड्याळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, मुंबईचं ४ तास ५१ मिनिटं. म्हणजे रोज अर्धा तास आधी कचेरी गाठायची, तीही परक्या शहराच्या सूर्याला सलाम करत! मुंबईकरांनी तो हुकूम मनावर घेतलाच नाही आणि १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. रेल्वे मात्र मद्रास टाइमवर चालत राहिली. माणूस घरून निघायचा मुंबईच्या वेळेवर आणि गाडीत बसायचा मद्रासच्या.

ही मद्रासची वेळ ज्या वेधशाळेतून यायची, ती नुंगंबाक्कमला होती. तिथले खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी या वेळेचं गणित १८०२ मध्ये मांडलं. आज त्या आवारात हवामान खात्याचं कार्यालय आहे आणि वेधशाळेचा जुना ग्रॅनाइटचा खांबही तिथेच आहे. चेन्नईत वादळ येणार म्हटलं की टीव्हीवाले त्याच फाटकाशी कॅमेरे लावतात. खांबाकडे कोणी बघत नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाची वेळ साडेपाच तासांवर ठरली. मुंबई तेव्हाही अडून बसली. महापालिकेची घड्याळं १९५५ पर्यंत स्वतःच्याच वेळेवर चालत होती म्हणतात.

मी चेन्नईत सेक्शन कंट्रोलर होतो. आयुष्य गेलं ते गाड्यांचा उशीर मोजण्यात आणि तो इकडचा तिकडे करण्यात. म्हणून हे घड्याळपुराण मला जवळचं. सगळ्या स्टेशनांत एकच वेळ नसेल तर उशीर धरायचा कशावरून?

आमच्या घराला मद्रासचं नाव नवं नव्हतं. आजोबा मीटरगेजवर मिरज ते लोंढा दरम्यान स्टेशन मास्तर होते. त्यांच्या कंपनीचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. १९०८ मध्ये मद्रास रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे एकत्र करून ती झाली. मुख्यालय मद्रासला. सेंट्रल स्टेशनाशेजारी आज दक्षिण रेल्वेचं जे भव्य दगडी मुख्यालय आहे, ते याच कंपनीने १९२२ मध्ये पुरं केलं. कृष्णेकाठी गाडी रखडली तर तिचा जाब कूवम नदीकाठच्या साहेबाने विचारायचा, असा तो कारभार. १४ एप्रिल १९५१ ला ही कंपनी, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूर संस्थानची रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली.

आजोबांच्या काळातला सिंगल लाइनचा कारभार साधा होता. पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची. त्याने दिली की नीलच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो चामडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात आहे तोवर तो सेक्शन त्या गाडीचा, दुसरी कुठलीही गाडी आत येणार नाही. सुरक्षिततेला हे चोख. पण मास्तरला ठाऊक काय? अलीकडचं एक स्टेशन आणि पलीकडचं एक. वेळापत्रकात क्रॉसिंग आपल्या स्टेशनात लिहिलेलं असेल आणि समोरची गाडी तीन स्टेशनं मागे इंजिन बिघडून पडली असेल, तर इकडची गाडी उभीच. ती पुढच्या स्टेशनापर्यंत आरामात गेली असती, पण ते म्हणायचं कोणी? दोन्ही गाड्या एकाच वेळी दिसतील अशा जागी कोणी बसलेलंच नव्हतं.

ही अडचण जगात सर्वत्र होती आणि तिच्यावरचा पहिला गाजलेला उपाय अमेरिकेतला. १८५१ मध्ये ईरी रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मायनॉट न्यूयॉर्क राज्यातल्या टर्नर स्टेशनात अडकले होते. समोरची गाडी येईना. त्यांनी पुढच्या गोशेन स्टेशनाला तार केली : ती गाडी आली तर रोखून धरा. तसं उत्तर आल्यावर त्यांनी आपल्या ड्रायव्हरला निघायला सांगितलं. आयझॅक लुईस त्याचं नाव. त्याने साफ नकार दिला. तारेच्या भरवशावर समोरून येणाऱ्या गाडीच्या रुळावर कोण जाईल? शेवटी मायनॉट स्वतः इंजिनावर चढले, आणि लुईस जाऊन बसला सगळ्यांत मागच्या डब्यातल्या शेवटच्या बाकावर. मला या गोष्टीत लुईसही तेवढाच आवडतो. वेळापत्रक मोडणाऱ्या माणसावर विश्वास का ठेवायचा, हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि पुढची सगळी कंट्रोल व्यवस्था त्याचंच उत्तर आहे.

टेलिफोन आला आणि ते उत्तर एका खोलीत येऊन बसलं. एकाच तारेवर सेक्शनमधली सगळी स्टेशनं. कंट्रोलर किल्ली फिरवून हव्या त्या स्टेशनाची घंटी वाजवणार, पण लाइनवर असलेला कोणीही ते बोलणं ऐकू शकतो. कानाला हेडफोन, बोलताना पायाखालचा पेडल दाबायचा, म्हणजे हात पेन्सिलीला मोकळे. मी रुजू झालो तेव्हा माझी तमिळ बाजारापुरती होती. ती वाढली या तारेवर. ‘सार, लैन क्लियर कोडुत्ताच्चु,’ म्हणजे लाइन क्लिअर दिली. मास्तरच्या आवाजावरून कळायचं की तो सिग्नल खाली करून बोलतोय की नुसतंच मला गप्प करतोय.

समोर असायचा चार्ट. आडव्या बाजूला तास-मिनिटं, उभ्या बाजूला अंतराच्या प्रमाणात स्टेशनं. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभट, तितकी गाडी वेगात. रेघ सपाट झाली की गाडी उभी आहे. दोन रेघांची फुली झाली तर तिथे क्रॉसिंग. ही युक्ती फ्रेंचांची. एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८५ च्या आपल्या पुस्तकात पॅरिस-लिऑं गाड्यांचा असा आलेख छापला होता, तो आजही आमच्या चार्टचा सख्खा भाऊ वाटतो. पण त्यांचा आलेख वेळापत्रकाचा होता. आमच्या चार्टवर घडलेली गाडी ठळक आणि घडणारी गाडी फिकट. कंट्रोलरची किंमत त्या फिकट रेघांवर ठरे. मागची वेळ कोणीही टिपेल. पुढची दोन तास आधी काढायची आणि ती कुठे कोणाला कापते ते पाहायचं.

एक प्रसंग सांगतो, असा अनेकदा यायचा. गुडूर-चेन्नई मार्गावर गुम्मिडिपूंडी, कवरैपेट्टै, पोन्नेरी, मिंजूर, अत्तिपट्टू अशी स्टेशनं येतात. अत्तिपट्टूच्या उत्तरेला दोनच रूळमार्ग : एक जायचा, एक यायचा. लोकल, एक्स्प्रेस, मालगाडी सगळ्या त्यावरच. आता उत्तरेकडून येणारी एक्स्प्रेस बारा मिनिटं लेट आहे, आणि गुम्मिडिपूंडीहून सुटणाऱ्या लोकलची वेळ झाली. लोकल वेळेवर सोडली तर एक्स्प्रेस तिच्यामागे प्रत्येक स्टेशनात कण्हत येणार, बाराचे पंचवीस होणार. लोकल थांबवली तर एक्स्प्रेस सुटली, पण त्या लोकलमध्ये कारखान्याच्या पाळीला आणि कॉलेजला निघालेली हजारभर माणसं. शिवाय तोच रेक उलट फिरून दुसरी लोकल होणार, तीही लेट. तिसरा मार्ग : लोकल सोडायची आणि पोन्नेरीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन एक्स्प्रेस पुढे काढायची. पण लूपमध्ये आधीच मालगाडी उभी असली तर?

नियमाचं पुस्तक उतरंड सांगतं. अपघाताकडे निघालेली रिलीफ ट्रेन सर्वांच्या आधी, मेल-एक्स्प्रेस पॅसेंजरच्या आधी, पॅसेंजर मालगाडीच्या आधी. पण पुस्तकात माणसं मोजलेली नसतात. एक्स्प्रेसमध्येही हजारभर माणसं असतात, आणि विजयवाड्याहून निघालेल्याला दहा मिनिटं जाणवत नाहीत. लोकलवाल्याची दहा मिनिटं म्हणजे हजेरीवर लाल शेरा. मी बहुतेक वेळा लोकल सोडायचो. वक्तशीरपणाच्या अहवालात एक्स्प्रेसची मिनिटं दिसतात, तेव्हा माझं हे गणित सगळ्यांना पटत नसे.

चेन्नई सेंट्रलची खरी गोम मात्र स्टेशनात नाही, दोन-तीन किलोमीटर अलीकडे बेसिन ब्रिजला आहे. अरक्कोणमकडून आणि गुडूरकडून येणारे मार्ग तिथे एकत्र येतात. सेंट्रल हे शेवटचं स्टेशन, गाडी पलीकडे निघून जात नाही. आलेली गाडी रिकामी होऊन धुण्या-तपासणीला बेसिन ब्रिजच्या यार्डात जाते आणि संध्याकाळी परत फलाटावर येते. म्हणजे उतारूंच्या दृष्टीने गाडी एकदा आली आणि एकदा गेली, आमच्या दृष्टीने त्याच रुळांवरून चार फेऱ्या झाल्या. १८७३ मध्ये सेंट्रल बांधलं तेव्हा हा हिशेब कोणाच्या स्वप्नातही नसणार. त्याआधीचं, १८५६ चं रायपुरम स्टेशन तर बंदराच्या बाजूला, वेगळ्याच अंगाने आहे.

सकाळच्या एखाद्या तासाला बेसिन ब्रिजवर दहा हालचाली वाट बघत असतील तर त्यांचे क्रम किती? ३६ लाख २८ हजार ८००. त्यातले बहुतेक कामाचे नसतात, हे अनुभवी माणसाला बघताक्षणी कळतं. पण उरलेल्या पन्नास-शंभरांत सगळ्यांत चांगला कोणता, हे त्याला कळत नाही. तो एक बरा क्रम धरतो आणि पुढे जातो. गणितज्ञांचं खरं काम तिथे सुरू होतं. नेदरलँड्सने २००६ चं अख्खं वेळापत्रक गणिती पद्धतीने नव्याने बांधलं आणि त्याला २००८ मध्ये ऑपरेशन्स रिसर्चचा एडलमन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या मदतीने रेल्वेने शून्यापासून वेळापत्रक मांडायला घेतलं. अर्थात ही सगळी आधी बसून केलेली आखणी. पाऊस पडायला लागल्यावर काय करायचं, ते तिच्यात नाही.

आणि चेन्नईत पाऊस पडायला लागला की तो थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळ किनाऱ्याजवळून सरकत होतं, तेव्हा बेसिन ब्रिज आणि व्यासरपाडी यांच्यामधल्या १४ नंबरच्या पुलाला पाणी लागलं आणि सेंट्रलची वाहतूक थांबली. हजार रेघा काढा, पूलच नाही म्हटल्यावर त्या कुठे जाणार? काही गाड्या रद्द झाल्या, काही अलीकडच्याच स्टेशनांत संपवल्या आणि तिथूनच परत सोडल्या. रेक एकीकडे, ड्रायव्हर-गार्ड दुसरीकडे. सूर्य निघाल्यावरही वेळापत्रक सावरायला वेळ लागतो तो यामुळे.

११ ऑक्टोबर २०२४ ची रात्र वेगळी. म्हैसूर-दरभंगा बागमती एक्स्प्रेस कवरैपेट्टैला मेन लाइनचा सिग्नल असताना लूपमध्ये शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. मी निवृत्त, पेरांबूरच्या घरात बातम्या बघत होतो. गुडूरचा रस्ता बंद झाला की गाड्यांचा दुसरा मार्ग ठरलेला : गुडूरहून रेणीगुंटा, तिथून अरक्कोणम, मग चेन्नई. १३८ किलोमीटरचे जवळपास २२० होतात. पण नुसतं अंतर वाढत नाही. त्या वाटेची सवय असलेला ड्रायव्हर लागतो, कारण अनोळखी रुळांवर रात्री कोणाला सोडता येत नाही. सुळ्ळूरपेटाला उतरणाऱ्यांचं काय करायचं ते ठरवावं लागतं. आणि रेणीगुंटा-अरक्कोणमच्या मार्गावर आधीच मुंबईच्या गाड्या असतात. १८७१ मध्ये रायचूरला मुंबई आणि मद्रासचे रूळ जुळले तेव्हापासूनचा तो रस्ता. म्हणजे बिहारकडे निघालेल्या गाडीसाठी सोलापूरकर उशिरा पोचणार. चेन्नईच्या एका लूपमधला धक्का असा दादरला जाऊन लागतो.

आता चार्ट कागदावर नाही. रेल्वेच्या संगणक केंद्राने बनवलेल्या यंत्रणेत गाडीची रेघ पडद्यावर आपोआप उमटते. इंजिनांवर उपग्रहाशी बोलणारी उपकरणं बसवली आहेत, त्यामुळे गाडी कुठे आहे हे मास्तरला विचारावंही लागत नाही. झालेलं टिपण्याचं काम यंत्राने घेतलं, हे उत्तमच. पण पडद्यावर पुढचे दोन तास बघणं पेन्सिलीइतकं हाताला बसत नाही, असं माझ्यानंतर आलेल्या मुलांकडूनही ऐकतो. पेरांबूर ते सेंट्रल पाच-सहा किलोमीटरना वेळापत्रकात कित्येक गाड्यांना अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त दिलेला असतो. लोक याला हसतात. ते सैलपण काढून टाका, अहवालात सगळ्या गाड्या लेट दिसतील. ठेवा, तर मधल्या स्टेशनांतला उशीर कोणाला दिसत नाही.

क्रम ठरवणारी यंत्रणा बेसिन ब्रिजसाठी कोणी बनवली तर ती पहिला प्रश्न विचारणार : एका मिनिटाची किंमत काय धरायची? राजधानीच्या मिनिटाची, कोळशाच्या रेकच्या मिनिटाची, गुम्मिडिपूंडी लोकलच्या मिनिटाची. ते आकडे गणितवाला भरू शकत नाही. रेल्वेने बसून ठरवायला हवेत आणि उघड लिहायला हवेत. आत्तापर्यंत ते कंट्रोलरच्या डोक्यात होते, आणि प्रत्येक पाळीला वेगळे. माझ्या पाळीत लोकल जड होती. पुढच्या पाळीचा गृहस्थ मेलचा भक्त होता, त्याच्या चार्टवर लोकल लूपमध्ये दिसायच्या. आम्ही एकमेकांच्या रेघा बघून कुरकुरायचो आणि चहा प्यायला जायचो. आणि ही निवड करायची वेळच येऊ नये म्हणून अत्तिपट्टूच्या उत्तरेला तिसरा-चौथा मार्ग पडावा, ही त्या भागातल्या लोकांची मागणी तेव्हाही होती, आजही आहे.