एका नळीची बखर



चारचौघांच्या बैठकीत ज्या वस्तूचे नाव सहसा कोणी घेत नाही, अशा एका वस्तूचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे मूत्राशयात घालावयाची नळी. इस्पितळात तिला कॅथेटर म्हणतात, घरात नुसते 'लघवीची नळी'.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. गेल्या वर्षी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया मला करवून घ्यावी लागली. वजन १२८ किलो, त्यात मधुमेह, आणि शाळेचा एक जिना चढताना दोनदा थांबणे, अशी अवस्था झाली होती. जठराचा मोठा भाग काढून टाकणार, हे ऐकून मी घाबरलो नाही; परंतु भूल दिल्यावर लघवीची नळी घालणार, हे कानी पडताच मात्र दचकलो, आणि काहीतरी सबब सांगून तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. जिवापेक्षा लाज मोठी मानणारा हा मनुष्य वर्गात मुलांना धैर्याचे धडे देतो, हे आठवून आता हसू येते. त्या पंधरा दिवसांत त्या नळीविषयी मिळेल ते मी वाचून काढले.

लघवी तुंबणे हे दुखणे माणसाइतकेच जुने. मुतखडा आडवा येतो, उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढते, आणि मनुष्य तडफडू लागतो. ज्याने हे दुखणे पाहिले आहे, त्याला नळीचा शोध इतक्या लवकर का लागला, हे निराळे सांगावयास नको. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शंभराहून अधिक यंत्रे वर्णिली आहेत, आणि त्यांत नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या, यांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. मूत्रद्वार आकसून धार बारीक झाली असता लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडांस उघडी नळी तूप लावून आत सरकवावी, आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घालून मार्ग रुंद करीत न्यावा, असा उपचार तेथे दिला आहे. त्यातले तूप आणि तीन-तीन दिवसांची सबुरी मला फार बोलकी वाटते. घाई केली तर काय होते, हे पाहिलेल्या माणसानेच ते लिहिले असले पाहिजे.

कॅथेटर हा शब्द मूळचा ग्रीक. 'खाली सोडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या नळ्यांची मापेच देऊन ठेवली आहेत. वैद्याजवळ पुरुषांसाठी तीन व स्त्रियांसाठी दोन काशाच्या नळ्या तयार असाव्यात. पुरुषांची मोठी १५ बोटे, मधली १२, लहान ९. स्त्रियांची मोठी ९ आणि लहान ६. व्हेसूव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई गाव गाडून टाकले. पुढे उत्खननात तेथे वैद्यांची हत्यारे सापडली, त्यांत अशा नळ्याही निघाल्या. पुरुषाची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी दुहेरी वळणाची आहे, कारण आतील वाटही वळणाचीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे वळण कोणी तरी नीट समजून घेतले होते. परंतु धातू तो धातूच. तो वाकत नाही, आणि रोग्याच्या वेदनेशी त्याला कर्तव्य नसते.

यानंतरची अनेक शतके मी ओलांडून जातो. काशाच्या जागी चांदी आली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. खरी हालचाल दिसते ती १७५२ साली अमेरिकेत. वीज आणि पतंग यांच्या प्रयोगामुळे बेंजामिन फ्रँकलिन हे नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांचे थोरले बंधू जॉन मुतखड्याने बेजार झाले होते आणि त्यांना नळी लागत असे. फिलाडेल्फियाच्या या विद्वान धाकट्या भावाने वाकणाऱ्या नळीची रचना योजली, तडक सोनाराचे दुकान गाठले आणि ती पुरी होईपर्यंत तेथेच ठाण मांडले. कारण, त्याच टपालाने ती रवाना व्हावयास हवी होती. डिसेंबरात धाडलेले ते पत्र उपलब्ध आहे. जॉन त्यापुढे सुमारे तीन वर्षे जगले. गंमत अशी की, म्हातारपणी फ्रँकलिनना स्वतःलाही मुतखड्यानेच गाठले. आकाशातील वीज उतरवणाऱ्या माणसाचे सगळे चरित्रकार पतंगाचे चित्र छापतात. माझ्या मनात मात्र सोनाराच्या दुकानात बसून राहिलेला भाऊ ठसला आहे.

वाकणारी नळी खऱ्या अर्थाने घडली ती रबरामुळे. कच्चे रबर उन्हात चिकट होते, थंडीत तडकते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांच्या योगाने त्याला टिकाऊ बनवले. त्यानंतर पॅरिसचे शस्त्रवैद्य ओग्यूस्त नेलाताँ यांनी रबराची मऊ नळी प्रचारात आणली; आजही तिला त्यांचेच नाव आहे. पॅरिसच्याच शारियेर नावाच्या कारागिराने नळ्यांच्या जाडीचे माप ठरवून दिले: तीन अंश म्हणजे एक मिलिमीटर. माझ्या पाकिटावर १६ आकडा होता, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर. हा हिशेब त्या पंधरा दिवसांत मी किती वेळा केला असेन, ते सांगत नाही.

नळी आत जाऊ लागली, पण आत राहीना. ती फितीने बांधावी, चिकटपट्टी लावावी, दोऱ्याने जखडावी, असे नाना उपाय होते, आणि सगळेच ओंगळ. हा प्रश्न सोडवला अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतातल्या सेंट पॉल गावच्या डॉ. फ्रेडरिक फोली यांनी. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा रक्तस्राव आतून दाब देऊन थांबवावा म्हणून १९२९ मध्ये त्यांनी नळीच्या टोकाशी एक फुगा जोडला. मग त्यांच्या ध्यानी आले की, हा फुगाच नळीला आत धरून ठेवील. पुढे पातळ रबरात साचे बुडवून त्यांनी फुगा व नळी एकसंध बनवली आणि १९३५ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना ती दाखवली. पेटंटाचा अर्ज मात्र १९३६ साली केला, आणि तोवर पॉल रेश नावाच्या एका गृहस्थाने काही महिने आधीच तसल्याच नळीवर हक्क मिळवला होता. अपिलात फोली जिंकले, न्यायालयात हरले. फेरसुनावणी मागितली, ती नाकारली गेली. हक्क गेला, नाव तेवढे राहिले. जगातल्या कोणत्याही वॉर्डात आज 'फोली' मागितली की नर्स बरोबर तीच नळी आणून देते. आविष्कर्त्याला पैसा मिळावा की नाव, असा प्रश्न मी वर्गात घातला असता तर मुलांनी काय उत्तर दिले असते कोण जाणे.

आता वजनाच्या शस्त्रक्रियेकडे वळू. योगायोग असा की, तिचा उगमही मिनेसोटातच सापडतो. लहान आतड्याचा बराच भाग वगळून अन्नाला आडवाटेने नेण्याची कल्पना तेथील विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आदी शस्त्रवैद्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. १९६६ पासून आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचीच वाट बदलण्याची पद्धत रूढ केली. त्या काळी पोट उघडून काम चाले, रोगी पुढे कित्येक दिवस अंथरुणास खिळलेला असे. अशा रोग्याला नळी घालणे ओघानेच आले. भूल दिलेल्या माणसाला लघवीची जाणीव नसते, आणि सलाइन तर अखंड चालू असते. शिवाय पिशवीत साठणारे मूत्र म्हणजे मूत्रपिंडाचे बोलके घड्याळच. वजनदार देह टेबलावर फार वेळ एकाच अंगावर राहिला तर नितंबाचे स्नायू चिरडून मूत्र काळसर होते, आणि तो इशारा पिशवीतच प्रथम दिसतो.

परंतु नळीबरोबर जंतूही आत शिरतात. १९५८ मध्ये पॉल बीसन या नामवंत वैद्याने 'कॅथेटरविरुद्धचा दावा' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून व्यवसायबंधूंना खडसावले. पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडून देत असत. १९६६ मध्ये क्यूनिन व मॅकॉर्मॅक यांनी बंद पिशवीची पद्धत कशी हितकर आहे, ते दाखवले. तरीही नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो, दर दिवशी शेकडा तीन ते सात या गतीने. २००९ च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेने तर स्पष्टच सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर शक्य तो २४ तासांच्या आत नळी काढावी.

यात आणखी एक गोष्ट शिकावयास मिळाली. १९९० नंतर वजनासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. तिच्यात पोटात वायू भरून जागा करतात. त्या वायूच्या दाबाने काही काळ मूत्र कमी तयार होते. म्हणजे पिशवी रिकामी दिसली तरी मूत्रपिंड बिघडले असे नव्हे, आणि ती भरावी म्हणून सलाइनवर सलाइन ओतण्यातही अर्थ नाही. घड्याळच ते, पण या तासाला मागे पडणारे! त्यामुळे लहानशा शस्त्रक्रियेसाठी नळी न घालणारे शस्त्रवैद्य आता पुष्कळ आहेत. मात्र नळी घातल्यावर ती वेळेवर निघतेच असे नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरील वृद्ध गृहस्थांची नळी पाचव्या दिवशीही तशीच होती. का, म्हणून मी विचारले, तर वॉर्डात उत्तर मिळाले: "वर-खाली करायला माणसं कुठं आहेत, सर?" ते उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच मला अधिक लागले. त्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला.

माझी नळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. वयस्क सिस्टर आल्या, पडदा ओढला आणि मी मान फिरवलेली पाहून म्हणाल्या, "सर, यात लाजायचं काय? अहो, दिवसाला दहा काढते मी." त्यांनी सिरिंज लावून फुग्यातले पाणी ओढले आणि आकडा मोठ्याने वाचला: दहा मिली, पुरे. दीर्घ श्वास घ्या, म्हणाल्या. क्षणभर जळजळ झाली, तेवढेच. मग बजावले की, सहा तासांत लघवी झाली पाहिजे, नाही तर पुन्हा घालावी लागेल. मी घड्याळ उशाशी ठेवले, घोट घोट पाणी प्यालो, हातात काठी धरून बोळातून सहा फेऱ्या मारल्या. दुपारी पावणेदोनला न्हाणीघरातून बाहेर आलो, तेव्हा सिस्टर दाराशी वही घेऊन उभ्याच होत्या. "किती झाली?" त्यांनी विचारले. मी मापाचे भांडे पुढे केले. त्यात अडीचशे मिली होते.