साथ, सीमा आणि प्रवासी

साथ आली की प्रथम वेशीचे दरवाजे लागतात, ही रीत फार जुनी आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा नगरीने १३७७ मध्ये रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेतील 'चाळीस' या शब्दावरूनच 'क्वारंटीन' हे नाव जगभर रूढ झाले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग शिरल्याचे निदान मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगस यांनी केले. पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे राष्ट्रांची परिषद भरली आणि प्लेगग्रस्त बंदरांतून येणाऱ्या जहाजांविषयी नियम ठरले. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग बंद झाला. रोगापासून इतरांचे रक्षण करणे योग्यच; परंतु त्या रक्षणाचा भार गरीब यात्रेकरूने वाहिला, हेही विसरता येत नाही.

सव्वाशे वर्षांनंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या देशाने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबविली. ती पूर्ववत होण्यास २७ मार्च २०२२ उजाडला. आरंभीच्या टाळेबंदीत गोव्याचे कितीतरी खलाशी परदेशी समुद्रात जहाजांवरच अडकून पडले. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने करोना विषाणूचा नवा प्रकार प्रामाणिकपणे जगास कळविला, तर अनेक राष्ट्रांनी लागलीच तेथील प्रवाशांस दारे बंद केली. सत्य सांगणाऱ्यासच शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी सत्य कोण सांगेल?

साथ ओसरली की माणसे पुन्हा वाटेस लागतात. पोट, शिक्षण, आप्तेष्टांची ओढ यांस कोणतीही सीमा फार काळ अडवू शकत नाही. मागे राहतात ते कागद. मात्र तेही अढळ नसतात. देवीची लस टोचल्याचा दाखला एके काळी परदेशगमनास आवश्यक होता. १९८० मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाले आणि त्या दाखल्याचे प्रयोजनच उरले नाही. पीतज्वराचा दाखला मात्र अनेक देश अद्याप मागतात, कारण तो रोग अजून हटलेला नाही.

तेव्हा उद्याच्या प्रवासाची खरी कसोटी दरवाजा किती घट्ट लावला, ही नव्हे. रोगाची वार्ता देणाऱ्यास साहाय्य मिळते का, आणि दाराबाहेर अडकलेल्या श्रमिकास घरी पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घेते का, ही होय.