पंचगंगाकाठची शेती : पूरजोखीम कशी ठरवावी, समन्वय कसा ठेवावा

पुराची माहिती एकाच कार्यालयातून येत नाही. पावसाचा इशारा हवामान विभाग देतो. धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी जलसंपदा विभाग कळवतो. जिल्ह्यातील यंत्रणांचा समन्वय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करते. या माहितीचा आपल्या शेतासाठी अर्थ लावण्याचे काम मात्र गावातच करावे लागते.

शेताची पूरपातळी नोंदवा

कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. हे आकडे नदीचे आहेत, तुमच्या शेताचे नाहीत. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना ते मोटारीपर्यंत येते, शेतरस्ता केव्हा बंद होतो आणि पिकात केव्हा शिरते, हे मागील पुरांवरून गटनिहाय लिहून ठेवा.

एकाच आकड्यावर विसंबू नका

• राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे ठरावीक पातळीला आपोआप उघडतात. धरण भरत आले की तयारीला लागा.
• शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तेथे कोयनेचा विसर्ग आणि कृष्णेची पातळीही पाहावी.

कामांचा क्रम

१. घाटमाथ्यावर ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल आणि धरण भरत आले असेल, तर वीजपुरवठा बंद करून मोटार व स्टार्टर वर काढा. खते, बियाणे व चारा उंचावर हलवा.
२. रस्ता बंद होण्याआधी जनावरे हलवा. पाणी गोठ्याला लागण्याची वाट पाहू नका.
३. पाणी ओसरताच चर काढून निचरा करा. उसाच्या पोंग्यात गाळ साचून तो कुजला आहे का, हे पाहा.
४. शेत साफ करण्यापूर्वी फोटो काढा. शासकीय मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. त्यामुळे तलाठी, कृषी सहाय्यक व ग्रामसेवक यांच्या पंचनाम्यावेळी शेतात हजर राहा.

विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

गटनिहाय पूरपातळीची यादी मे महिन्यातच तलाठी व ग्रामपंचायतीसोबत तयार करा. सखल भागातील शेतकऱ्यांना आधी निरोप कोण देणार, हे नावानिशी ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फलकावर लिहा. यादी तयार असेल तर इशारा आल्यावर चर्चेत वेळ जात नाही, थेट कामाला लागता येते.