मागच्या बाकावरचा हाउझर

आल्फाँस दोदेच्या 'शेवटचा तास' या गोष्टीत शिकवणाऱ्यांना हामेल सर आवडतात. शिक्षकच ते, त्यांना दुसरं कोण आवडणार? मुलांना फ्रान्झ आवडतो, कारण त्याला शाळा बुडवायची असते. मागच्या बाकावर तीनकोनी टोपी सांभाळत बसलेल्या हाउझर आजोबांकडे फारसं कुणी बघत नाही. शिवडीच्या ज्या रात्रशाळेत मी सत्तरीच्या दशकात इंग्रजी शिकवायला लागले, तिथे निम्मा वर्ग हाउझरांचाच होता. त्यामुळे गोष्ट त्यांनी वाचली ती त्यांच्या बाजूने, आणि मला ती कायमची तशीच दिसायला लागली.

गोष्ट छोटी आहे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला. मे १८७१ मध्ये फ्रँकफुर्टला तह झाला आणि अल्सास प्रांत, त्याबरोबर लोरेनचा मोठा तुकडा, जर्मनीकडे गेला. आता शाळेत जर्मनच शिकवायचं, असा बर्लिनहून हुकूम येतो. हामेल सरांचा फ्रेंचचा शेवटचा तास असतो. त्या दिवशी गावातली मोठी माणसंही वर्गात येऊन बसतात. दोदे स्वतः त्या युद्धात पॅरिसच्या वेढ्यात होता. गोष्ट त्याच्या १८७३ च्या संग्रहात आहे. युद्धकथा म्हणून जगभर नावाजलेली, पण तिच्यात एकही गोळी सुटत नाही. प्रशियन सैनिक दिसतात ते गावाबाहेर कवायत करताना, तेही ओझरते.

आमच्या पाठ्यपुस्तकात ती नव्हती. मी एका जुन्या संग्रहातून ती सोपी करून घेतली, स्टेन्सिल कापली आणि सायक्लोस्टाइल करून वाटली. ओली शाई बोटांना लागायची. त्याची कुणाला पर्वा नव्हती, कारण बोटांवर आधीच गिरणीचं तेल किंवा गोदीतली काजळी असायची.

रात्रशाळा ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रीचे वर्ग, वाचनालयं सुरू केली. परळचा दामोदर हॉल त्याच कामातून उभा राहिला. नाटकवाल्यांना तो नाट्यगृह म्हणून ठाऊक आहे, पण कित्येक कामगार त्या वास्तूत पाटी-पुस्तक घेऊन गेले. शिवडी तशी गिरणगावाची कड. एका बाजूला टोकरशी जीवराज रोडवरची स्वान मिल, दुसऱ्या बाजूला पोर्ट ट्रस्टची जमीन, तेलाच्या टाक्या, कॉटनग्रीनची कापसाची गोदामं. मध्ये बीडीडीच्या बारा चाळी. वरळीच्या १२१ चाळींपुढे हा आकडा किरकोळ वाटायचा, पण एकेका गाळ्यात किती माणसं झोपायची ते बघितलं की किरकोळ वाटत नसे.

वर्गात पहिल्या पाळीची माणसं यायची. साडेतीनला सुटायची, खानावळीत जेवण सांगून साडेसहाला बाकावर. पाळी बदलली की आठवडेच्या आठवडे गायब. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुल्यांची रांग लागायची आणि मुख्याध्यापक मला विचारायचे, "बाई, हा सोडून गेला का?" गेला नव्हता, दुसऱ्या पाळीला होता. त्यांच्या शेजारी हॉटेलात कपबशा विसळणारी चौदा-पंधरा वर्षांची पोरं. मामा आणि भाचा म्हणावेत अशा वयाचे दोघे एकाच इयत्तेत, एकाच बाकावर.

दोदेने हाउझरला हुबेहूब पकडला आहे. म्हातारा आपलं कडा झिजलेलं अंकलिपीचं पुस्तक घेऊन येतो, मांडीवर उघडतो, त्यावर मोठा चष्मा ठेवतो आणि लहान पोरांबरोबर अक्षरं म्हणतो. त्याचा आवाज कापतो, पोरांना हसू येतं आणि रडूही. आमच्याकडे त्या पुस्तकाच्या जागी तर्खडकर होते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. एका साचेवाल्या मामांची प्रत मला आठवते. पुठ्ठा निखळला होता, तो त्यांनी खात्यातल्याच सुताने शिवून घेतला होता, आणि टाके इतके सारखे की बाइंडरने मान खाली घालावी. आतल्या पानांवर प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार. ती प्रत त्यांच्याही आधी गाळ्यातल्या दुसऱ्या कुणाची होती, त्यामुळे उच्चार दोन हस्ताक्षरांत होते आणि काही ठिकाणी त्यांचं आपापसांत जमत नव्हतं.

या माणसांना इंग्रजी का येत नव्हतं, याचं उत्तर त्यांच्या हुशारीत शोधू नये. गावात चौथी, फार तर सातवी. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात खेर सरकारने पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. हेतू चांगला होता, मातृभाषा पक्की व्हावी हा. पण ज्याची शाळा सातवीला संपली त्याच्या आयुष्यात इंग्रजीचा तास आलाच नाही. गिरणीत मात्र साच्यावरची पाटी, पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, सगळं इंग्रजीत. पुढे २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा हे विद्यार्थी आजोबा झाले होते.

आता गोष्टीतल्या त्या वाक्याकडे येते, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. हामेल सर फ्रान्झला रागावत नाहीत. ते म्हणतात, दोष तुझा एकट्याचा नाही. तुमच्या आईबापांनी चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तुम्हाला शेतावर नाही तर सूतगिरणीत धाडलं. पुस्तकांत या वाक्यावर कुणी थांबत नाही. शिवडीत वर्ग थांबला. "तिथं पण गिरण्या होत्या, बाई?"

होत्या तर. अल्सासातलं मुलूझ हे कापडगिरण्यांचं शहर, फ्रान्सचं मँचेस्टर म्हणत त्याला. दोदेच्या त्या गावातली पोरं सूतगिरणीत जात होती, तेव्हा मुंबईतही तेच चाललं होतं. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली होती. पोरांच्या कामाला कायद्याचा लगाम लागला तो थेट १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने: सात वर्षांखाली कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या पोराला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. नऊ तास, आणि ही सवलत! १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केलं आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास. याच काळात नारायण मेघाजी लोखंडे कामगारांसाठी भांडत होते. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. तोवर शाळेला जायला मोकळा वारच नव्हता. अशा पोरांची नातवंडं माझ्यापुढे बसली होती. एकजण म्हणाला, "माझा आजा हाफ टायमर होता." आणि मग हामेल सरांविषयीचा सूर बदलला. सरांनी पुढे कबूल केलेलं असतं की आपणही पोरांना अभ्यास सोडून बागेला पाणी घालायला लावलं, मासे धरायला जायचं म्हणून सुट्टी दिली. वर्गाचा निकाल कडक होता: खाडा फ्रान्झचा नाही, मास्तरचा. लगेच दुसऱ्याने विचारलं, चाळीस वर्षं नोकरी झाली, तर ग्रॅच्युइटी मिळाली का? ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, ताजा होता, गेटवर त्याचीच चर्चा असायची. मी म्हटलं, दोदेने लिहिलेलं नाही. "लिहायला पाहिजे होतं," असं उत्तर आलं. टीकाकारांच्या लेखांत इतका नेमका आक्षेप माझ्या वाचनात नाही.

दुसरी जागा फळ्याची. फ्रान्झ शाळेत जाताना नगरपालिकेच्या सूचनाफलकापाशी गर्दी बघतो. दोन वर्षं सगळ्या वाईट बातम्या तिथूनच आलेल्या: हरलेल्या लढाया, सक्तीचे हुकूम. हे समजावून सांगायची गरज पडली नाही. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, काम मिळालं तर मिळालं. ले-ऑफ, बोनस, बंद खातं, सगळं बोर्डावर. तेवढ्यात गोदीतले एक मामा म्हणाले, "चव्वेचाळीसला तर बोर्डावर पण काही लागलं नव्हतं."

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्या जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवायची अक्कल युद्धाच्या घाईतच सुचते. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपयंत्रावर उमटला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, गोदीतले आणि आसपासच्या वस्तीतले शेकडो. पण सेन्सॉरने तोंड बांधलेलं. जगाला बातमी कळली ती शत्रूच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून, आणि आपल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळायला मे उजाडला.

हे मामा तेव्हा शाळकरी पोर, गोदीजवळ राहणारे. मी त्यांना म्हटलं, इंग्रजीत लिहून आणा, येईल तेवढं. त्यांनी तीन वाक्यं आणली: कॉटन इज फॉलिंग. फायर इज फॉलिंग. मदर इज कॉलिंग. तर्खडकरांत त्यांची गाडी चालू वर्तमानकाळापर्यंतच आली होती, भूतकाळाचा धडा पुढे होता.

शिवडीत युद्धाच्या खुणा तशा इतरही होत्या. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत पहिल्या महायुद्धाच्या काळातले सैनिक पुरले होते. जुलै १९६२ मध्ये त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष खडकीच्या युद्धस्मशानात हलवले गेले. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा फारसं कुणाला काही वाटलं नाही. गोऱ्यांचे ते. कापसाची आग ही घरची गोष्ट होती.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न मालवणकडच्या एका तरुणाने विचारला. "ती पोरं घरी काय बोलायची, बाई?" दोदे इथे वाचकाला बरोबर चकवतो. अल्सासच्या खेड्यांत घरोघरी बोलली जायची ती जर्मनच्या कुळातली बोली. फ्रेंच ही बहुतेकांची शाळेतली, सरकारी कागदांतली भाषा. म्हणजे फ्रान्झला फ्रेंचचं व्याकरण येत नाही, यात त्याचा आळस थोडा आणि घर जास्त. ज्या भाषेसाठी गाव रडतं ती गावाची बोली नव्हतीच. माझ्या वर्गाला हे लगेच पटलं, कारण घरी मालवणी किंवा घाटी, शाळेत पुस्तकी मराठी, कामावर मुंबईची हिंदी आणि पोटासाठी इंग्रजी अशी त्यांची स्वतःचीच उतरंड होती. जपानमध्ये ही गोष्ट अनेक दशकं शालेय पुस्तकांत होती. ऐंशीच्या दशकात तिथल्या भाषाशास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला आणि ती गळाली. चीनमध्ये हू शिहने १९१२ मध्ये तिचं भाषांतर केलं, तेव्हा तिथल्या वाचकांनी तिच्यात आपल्या देशाचं दुखणं बघितलं. मला विचाराल तर गोष्ट काढून टाकू नये. चकवा दाखवून शिकवावी. खोटं बोलणारी चांगली गोष्ट खरं बोलणाऱ्या वाईट गोष्टीपेक्षा वर्गात जास्त उपयोगी पडते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले काही महिने वर्गात उलट गर्दी झाली, संध्याकाळी जायला दुसरं ठिकाण नव्हतं. मग फी नाही, वही नाही, मग माणूसच नाही. कोकणातला कोकणात, साताऱ्याचा साताऱ्यात. हजेरीपटावरच्या फुल्या या वेळी पाळीच्या नव्हत्या. रात्रशाळा पुढेही चालल्या, विद्यार्थी बदलले: कुरिअरवाले, वॉचमन, घरकाम करणाऱ्या मुली. २०१७ च्या शासन निर्णयाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीकडे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांची रात्रीची नोकरी काढून घेतली. त्यावर उलटसुलट बरंच झालं. मी तोवर निवृत्त झाले होते.

दोदेची गोष्ट आता सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात पहिलाच धडा आहे. शेजारची मुलगी तिच्या नोट्स घेऊन येते. फ्रान्झचा स्वभाव, हामेल सरांचं देशप्रेम, मातृभाषेचं महत्त्व: तीन प्रश्न, ठरलेली तीन उत्तरं. मी तिला चौथा घातला. उद्यापासून त्याच शाळेत जर्मन सुरू होणार आहे, तर हाउझर येईल का? ती म्हणाली, नाही, तो देशभक्त आहे.

साचेवाल्या मामांनी याच प्रश्नाला उत्तर दिलं होतं, आणि मी तिला तेही सांगितलं. मामांचं म्हणणं, येईल की. पहिल्या दिवशी नाही येणार, लाज वाटेल. पण बोर्ड आता जर्मनमध्ये लागणार ना? तो कुणाकडून वाचून घेणार, आणि किती दिवस?

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, परीक्षेत याला मार्क देतील का?

मी म्हटलं, तपासणाऱ्यावर आहे.